साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन

1930च्या दशकाच्या मध्यात इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीची एसजे मोटार घेतली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली होती. रंग काळा-नारंगी, इंजिन आठ सिलिंडरचं, 6.9 लिटरचं, आणि ताकद कंपनीच्या दाव्यानुसार 320 अश्वशक्ती. पण या मोटारीचं छायाचित्र पाहणाऱ्याची नजर आधी जाते ती बॉनेटच्या बाजूनं बाहेर पडून खाली वळणाऱ्या चकचकीत नळ्यांकडे. त्या एक्झॉस्टच्या नळ्या. इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवल्यावर आत जागाच उरली नव्हती, म्हणून धुराला बाहेरून वाट काढून द्यावी लागली.

पुढं झालं ते मजेशीर आहे. ज्यांच्याकडे सुपरचार्जर नसलेली साधी ‘जे’ गाडी होती, त्यातल्या कित्येकांनीही तशाच नळ्या मागवून बसवून घेतल्या. आत जागा भरपूर होती, गरज काडीची नव्हती, आणि नळ्यांमुळे इंजिनाची ताकद वाढणारही नव्हती. पण गाडी ‘एसजे’सारखी दिसू लागली. कंपनीचा एक्झॉस्ट काढून दुसरा बसवण्याच्या हौसेचं मूळ इतकं जुनं आहे आणि इतक्या वरच्या थरातलं आहे. आज तीच हौस इंदूरच्या बायपासवर रात्री दहानंतर ऐकू येते. फरक एवढाच, की त्या काळच्या श्रीमंतांनी रूप विकत घेतलं आणि आजची पोरं आवाज विकत घेतात.

बुलेटच्या पार्ट्सच्या बाजारात या आवाजांना नावं आहेत. डॉल्फिन, वाइल्ड बोर, पंजाब, गोल्डस्टार, मेगाफोन, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल. त्यातच एक ‘इंदोरी’सुद्धा आहे. ज्या शहराच्या नावानं पोहे आणि शेव ओळखली जाते, त्या शहराचं नाव एका सायलेन्सरलाही मिळावं यात इंदूरकरांना वावगं वाटत नसावं. दुकानात गिऱ्हाईक विचारतं ते एकच, ‘आवाज कैसा है, भिया?’ दुकानदार मोबाइलवर व्हिडिओ लावतो. सौदा त्या दोन इंची स्पीकरवर ठरतो.

आणि तिथंच पहिली फसगत होते. मोबाइलचा मायक्रोफोन मोठा आवाज दाबून टाकतो, लहान वर उचलतो, खालचा खर्ज तर त्याला नीट पकडताच येत नाही. व्हिडिओत गोड वाटलेला सायलेन्सर गल्लीत लावल्यावर शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. दुसरी फसगत त्याहून खोल आहे. गिऱ्हाईक नळी घ्यायला आलेलं असतं, प्रत्यक्षात ते इंजिनाचाच एक भाग बदलून जात असतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू अजून दाबाखाली असतो. व्हॉल्व्ह जरासा उघडताच तो दाब झपकन बाहेर सुटतो आणि नळीतून दाबाची एक लाट धावू लागते. गरम वायूतून ती सेकंदाला ढोबळमानानं पाचशे मीटरच्या वेगानं जाते. नळीचं तोंड एकदम रुंद झालं, म्हणजे सायलेन्सरचा डबा सुरू झाला, की ती लाट उलटी फिरते. पण परतताना तिचा स्वभाव बदललेला असतो. जाताना ती ढकलत होती, येताना ओढून घेते. ही ओढ नेमकी त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, जेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटता मिटता आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडता उघडता दोन्ही थोडे उघडे असतात, तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. झोपाळ्याला झोका देताना हात कधी लावायचा याला जे महत्त्व, तेच इथं वेळेला. हिशेब मिलिसेकंदांचा आहे. 4000 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 15 मिलिसेकंदांत पुरा होतो. मीटरभर लांबीच्या नळीतून लाट जाऊन परत यायला साधारण चार मिलिसेकंद लागतात. नळी चार बोटं लांब किंवा आखूड केली, तिचा व्यास बदलला, डबा पुढं-मागं सरकवला, की इंजिन ज्या आरपीएमला खुशीत असतं तो आरपीएमच बदलतो.

गॅरेजमध्ये ऐकू येणारं ‘बॅक प्रेशर लागतोच’ हे वाक्य अर्धवट खरं आहे ते यामुळे. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते ती योग्य वेळी परतलेली लाट. मोकळी नळी लावल्यावर गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी का चालते, पिकअप का हरवतो, याचं उत्तर दाब कमी झाला यापेक्षा लाटेची वेळ चुकली यात शोधावं.

टू-स्ट्रोक इंजिनात तर ही नळी व्हॉल्व्हचं अर्धं काम करते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्यानं 1950च्या दशकात फुगीर पोटाची, पुढं पुन्हा निमुळती होत जाणारी नळी विकसित केली. तिच्यातून परतणारी लाट सिलिंडरबाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलायची. 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून 25 अश्वशक्ती निघू लागली होती. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून गेला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकीकडे पोचला. पुढच्या वर्षी सुझुकीनं 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वार तोच. शीतयुद्धात लोकांनी अणुबॉम्बची गुपितं पळवली तशी एका वाकड्या पत्र्याच्या नळीचीही पळवली. आपल्याकडे जावा, येझदी आणि आरएक्स 100 चालवलेल्या पिढीला सायलेन्सर काढून जळालेल्या तेलाचा काजळीचा थर खरवडणं माहीत आहे. साफ केल्यावर गाडी पुन्हा ‘उठायची’ ती याच कारणानं.

सायलेन्सरचं उरलेलं अर्धं काम म्हणजे आवाज मारणं. त्याचे मार्ग दोन. एक, डब्याच्या आत पत्र्याचे पडदे आणि आडव्यातिडव्या नळ्या घालून आवाजाच्या लाटांना एकमेकींवर आदळवायचं, म्हणजे त्या एकमेकींना खाऊन टाकतात. कंपनीचे सायलेन्सर मुख्यतः या पद्धतीचे, म्हणून ते लांब आणि जड असतात. दुसरा, मधोमध भोकाभोकांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथं उष्णता होऊन जिरतो. बाजारातले बहुतेक बदली सायलेन्सर या दुसऱ्या जातीचे. ही लोकर उंच, कर्कश आवाज छान खाते, खर्जाला मात्र फारसं अडवत नाही. काही वर्षांनी ती जळून, भुगा होऊन बाहेर पडते आणि डबा रिकामा होतो. मालकाला वाटतं, सायलेन्सर ‘खुलला’. खरं तर तो संपलेला असतो.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदुकीचा सायलेन्सर काढला आणि त्याच धर्तीवर इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. बंदूक काय, सिलिंडर काय, दोन्हीकडे स्फोटानंतर कोंडलेला वायू एकदम सुटतो. त्याला सावकाश सोडा, आवाज उतरतो.

बुलेटचा आवाज इतका हवाहवासा का, याचंही गणित आहे. एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. 900 आरपीएमला ते सेकंदाला साडेसात ठोके देतं. इतक्या संथ ठोक्यांचा कान अखंड सूर बनवू शकत नाही, त्याला एकेक ठोका सुटा ऐकू येतो. त्यात जुन्या 346 सीसी इंजिनाचा बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिलिमीटर, म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा लांब पल्ल्याचा. जोडीला जड फ्लायव्हील. गाडी रेंगाळत, दमदार चालते. 2020 मध्ये आलेल्या 349 सीसी इंजिनाचा बोअर 72 आणि स्ट्रोक 85.8 मिलिमीटर झाला आणि आत बॅलन्सर शाफ्ट आला. हादरे गेले, हँडलवरचे हात बधिर होणं गेलं, आणि जुन्या मालकांच्या मते ‘जान’ही गेली. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक घेऊन शोरूममधून थेट सायलेन्सरच्या दुकानात जाणारे लोक या गेलेल्या जानेच्या मागावर असतात. ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेच्या हार्ली-डेव्हिडसननं तर 1994 मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, वाद लांबला आणि 2000 मध्ये कंपनीनं तो नाद सोडला.

प्रत्यक्ष सायलेन्सर बदलायला चांगल्या मिस्त्रीला तासभरही लागत नाही. घाई हाच त्यातला खरा शत्रू. गाडी पूर्ण थंड झालेली असावी, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेले लोखंडी स्टड चटकन आटे सोडतात. सहा-सात पावसाळे पाहिलेल्या गाडीचे नट गंजून स्टडला धरून बसलेले असतात. जाणता मिस्त्री आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. अजाणता पान्याला पाइप लावून जोर करतो, स्टड मुळातून तुटतो, आणि दोन-तीन हजारांच्या सायलेन्सरपायी हेड उतरवून लेथवर न्यावं लागतं.

बदलाचे प्रकार दोन. हेडमधून निघणारा बेंड पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलला तर ते स्लिप-ऑन. इंजिनाच्या हेडपासून सगळंच बदललं तर फुल सिस्टिम. स्लिप-ऑनमध्ये एक क्लॅम्प सोडायचा, फूटरेस्टजवळचा बोल्ट काढायचा, डबा मागं ओढायचा, नवा सरकवायचा. फुल सिस्टिममध्ये हेडजवळच्या फ्लँजचे दोन नट, हीट शील्ड आणि बेंडमध्ये खोचलेला ऑक्सिजन सेन्सर, हे सगळं हाताळावं लागतं. सेन्सरची वायर पीळ पडून तुटू नये म्हणून आधी कनेक्टर सोडायचा, मग सेन्सर फिरवायचा. हा क्रम विसरला जातो आणि मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

हेडमधली गॅस्केट प्रत्येक वेळी नवीच हवी. ती दाबली जाऊन जागा भरण्यासाठीच असते. एकदा दबलेली पुन्हा तशी बसत नाही. तिची किंमत चहा-कचोरीच्या बिलाएवढी, तरी जुनीच वापरायचा मोह होतो. सगळे नट-बोल्ट आधी हातानं चढवायचे, काहीच आवळायचं नाही. नळी स्वतःच्या जागी सैल, बिनताणाची बसली की मग आवळणं हेडपासून सुरू करून मागं यायचं. उलट केलं, म्हणजे मागचा ब्रॅकेट आधी कसला, तर नळी कायम ताणाखाली राहते आणि काही महिन्यांत वेल्डिंगला चीर जाते. शेवटी एक बारीक काम, जे फार थोडे करतात: गाडी चालू करण्याआधी नळीवरचे बोटांचे ठसे स्पिरिटनं पुसून काढायचे. नाहीतर हाताचं तेल पहिल्याच तापात जळून स्टीलवर डाग उमटतात, ते नंतर कशानंच निघत नाहीत.

मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावून इंजिन सुरू करायचं. बुडबुडे आले की गळती. ही गळती केवळ फुसफुशीपुरती नाही. थ्रॉटल सोडल्यावर नळीत क्षणभर ओढ तयार होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. आत न जळलेलं थोडं पेट्रोल असतंच. हवा, पेट्रोल आणि तापलेली नळी एकत्र आली की फट्. उतारावर गाडी सोडल्यावर येणारे बारीक फटाके बहुधा असे असतात. त्यांचा अर्थ गाडी ‘रेसिंग’ झाली असा लावणारे बरेच. खरं तर ती गॅस्केट मागत असते.

चौकात मुद्दाम वाजवले जाणारे फटाके वेगळे. कार्ब्युरेटरच्या बुलेटवर चालत्या गाडीत क्षणभर किल्ली बंद करतात. ठिणगी थांबते, पण पिस्टन मिश्रण ओढत आणि तसंच कच्चं सायलेन्सरमध्ये ढकलत राहतो. किल्ली पुन्हा चालू केली की ठिणगीबरोबर आतलं सगळं एकदम पेटतं. गोळी सुटल्यासारखा आवाज येतो, मागं बसलेला खूश, रस्त्यावरची म्हातारी माणसं छाती धरून उभी. डब्यातल्या पडद्यांचे टाके त्या दणक्यांनी उसवतात. नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याचा आतला मधमाशांच्या पोळ्यासारखा साचा वितळून अडकतो, आणि गाडी स्वतःच्याच धुरात गुदमरते.

हा कन्व्हर्टर हे आजच्या गोष्टीतलं खरं पात्र. 1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस 6 नियम लागू झाले आणि इंधन इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर व कन्व्हर्टर ही त्रयी साध्या दुचाकीतही रुळली. कन्व्हर्टरमधल्या साच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. साधारण 250-300 अंशांवर तापला की तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं बरंचसं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये करतो. तो नेमका कुठं बसवलाय यावर सगळं अवलंबून. बेंडमध्ये असेल तर स्लिप-ऑन बदलूनही तो शाबूत राहतो. मागच्या डब्यात असेल तर डब्याबरोबर तोही जातो. दुकानदार हे सांगत नाही, बहुतेकदा त्याला कुणी विचारतच नाही.

त्यातल्या धातूंची किंमत चोरांना मात्र पक्की ठाऊक आहे. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून गायब होऊ लागले. पोलिस तपासात निघालं ते हेच, चोरांना हवी होती आतली ‘माती’. दुचाकीचा मालक तोच ऐवज स्वतःच्या हातानं काढतो आणि भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकतो.

मोकळ्या नळीतून वायू सहज वाहू लागला की इंजिनात हवेचं प्रमाण वाढतं. ऑक्सिजन सेन्सर ते हेरतो आणि संगणक पेट्रोल वाढवून तोल सावरतो, पण त्याच्या हाती दिलेल्या मर्यादेपुरतंच. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेवढंही नाही. तिथं जेट बदलावा लागतो. न बदलला तर मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, हेड जास्त तापतं. आणि एवढं करून मिळतं काय? नव्या क्लासिक 350ची ताकद 20.2 अश्वशक्ती. नुसता डबा बदलून तीत पडणारी भर चालवणाऱ्याला जाणवण्याजोगी नसते. आवाज वाढला की गाडी जोरात धावतेय असं वाटतं. घड्याळ लावून पाहिलं तर वाटणं आणि धावणं जुळत नाही. खरा फायदा झालाच तर तो वजनात: कंपनीचा जड डबा जाऊन हलका येतो.

इंदूरहून पंचवीस-तीस किलोमीटरवर, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला, याच आवाजाकडे पाहण्याची दुसरी पद्धत नांदते. तिथल्या नॅट्रॅक्स या केंद्र सरकारच्या चाचणी केंद्रात 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे. 29 जून 2021 रोजी तेव्हाचे अवजड उद्योग मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचं उद्घाटन केलं. आशियातला सर्वांत लांब म्हणून वर्तमानपत्रांत गाजला तो हा ट्रॅक. वाहनाच्या आवाजाच्या परीक्षेला असा देखावा लागत नाही. एक ठरावीक पृष्ठभागाची सपाट जागा, आणि वाहनाच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 7.5 मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर एकेक मायक्रोफोन. गाडी ठरलेल्या वेगानं येते, मायक्रोफोनच्या रेषेआधी 10 मीटरवर थ्रॉटल पूर्ण पिळला जातो आणि रेषेपुढं 10 मीटर जाईपर्यंत तसाच ठेवला जातो. त्या 20 मीटरांतला सर्वांत मोठा आकडा टिपतात. 175 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला मर्यादा 80 डेसिबल, 80 ते 175 सीसीला 77 आणि त्याखाली 75. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक मॉडेल या परीक्षेतून गेलेलं असतं. 

डेसिबलचा आकडा भोळा दिसतो आणि दगा देतो. 80 चे 90 झाले तर ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. साडेसात मीटरवर 80 असलेली गाडी 60 मीटरवर 62 भरेल. साडेसातवर 95 असलेली, त्याच 60 मीटरवर 77. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा आहे 45, रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रात 40. ही परिसराची मर्यादा सरासरीची असते आणि गाडी क्षणात निघून जाते, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण दचकून जाग आलेल्या रुग्णाला सरासरीचा काय उपयोग. इंदूरच्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयाला, एमवायला, नाव आहे महाराजा यशवंतरावांचं. ड्यूझेनबर्गवाले यशवंतराव ते हेच.

आवाजावरून झालेलं असंच एक जुनं भांडण शर्यतीच्या ट्रॅकवरचंही आहे. इंग्लंडमध्ये 1907 साली ब्रुकलँड्सचा शर्यतीचा ट्रॅक झाला. 1920च्या दशकात शेजारच्या रहिवाशांनी आवाजावरून कोर्टात धाव घेतली आणि ट्रॅकवर सायलेन्सर सक्तीचा झाला. ‘ब्रुकलँड्स कॅन’ नावाचा, माशाच्या शेपटासारख्या चपट्या तोंडाचा तो डबा पुढं स्पोर्ट्स मोटरसायकलींचं भूषण बनला. 1937 मध्ये त्याच ट्रॅकवर वॉल हँडली यानं बीएसए मोटरसायकलवर ताशी शंभर मैलांहून वेगानं फेरी मारली. असा पराक्रम करणाऱ्याला तिथं सोन्याच्या ताऱ्याची पिन मिळे. त्यावरून बीएसएनं आपल्या नव्या गाडीचं नाव ठेवलं गोल्ड स्टार. म्हणजे ज्या नावाच्या सायलेन्सरनं आपल्याकडे गल्ल्या दणाणतात, ते नाव सायलेन्सरची सक्ती असलेल्या ट्रॅकवर कमावलेलं आहे. बीएसए हे नाव 2016 मध्ये महिंद्र समूहाकडे आलं. आजची 652 सीसीची गोल्ड स्टार क्लासिक लेजंड्स ही कंपनी पीथमपूरच्या कारखान्यात बनवते. भारतात ती 15 ऑगस्ट 2024 ला विक्रीस आली.

त्याच कारखान्यात 2018 मध्ये पुनर्जन्म घेतलेली जावाही बनते. जुन्या जावाची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन सायलेन्सर. नव्या गाडीत सिलिंडर एकच, पण दोन सायलेन्सरांशिवाय जुना गिऱ्हाईक तिला जावा म्हणेना. बीएस 6 आल्यावर दोन कन्व्हर्टर, दोन नळ्या सांभाळून नियमात बसणं अवघड होतं. कंपनीनं हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटाच वेगळ्या मांडल्या आणि दोन्ही सायलेन्सर टिकवले. गिऱ्हाइकाचा हट्ट अभियंत्यानं पुरवायचा तर तो असाही पुरवता येतो.

कायदा या बाबतीत गुळमुळीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 क्रमांकाचा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच असं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. आवाज आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. कलम 182अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये. चौकात भरायची तडजोडीची रक्कम राज्यागणिक निराळी.

अडचण अंमलबजावणीत आहे. पीयूसीच्या टपरीवर दुचाकीचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. आवाज कुणी मोजत नाही. पोलिस तो कानानं ठरवतात. नागपुरात आणि पुण्यात जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून वरून रोलर फिरवला गेला, कॅमेऱ्यांसमोर. इंदुरातही वाहतूक पोलिस मोहिमा काढतात, चलान फाडतात, सायलेन्सर उतरवून घेतात. रोलरची दृश्यं बघायला बरी वाटतात. पण विकणाऱ्याच्या दुकानाचं शटर दुसऱ्या दिवशी वरच असतं, आणि नियमात बसणारा बदली सायलेन्सर लावलेला एखादा प्रामाणिक मालकही त्याच रांगेत उभा राहतो, कारण फरक सांगणारं यंत्र चौकात नसतं. अर्ध्या मीटरवर, नळीच्या तोंडाशी 45 अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरून उभ्या गाडीचा आवाज मोजायची पद्धत जगभर रूढ आहे; ती फुटपाथवरही जमण्याजोगी आहे. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेचा पहिला क्रमांक राखणाऱ्या शहराला, ओला-सुका कचरा घराघरांतून वेगळा करून घेणाऱ्या महापालिकेच्या या गावाला, हे अशक्य असेल असं वाटत नाही.

हौस भागवायचा सरळ मार्गही आहे. रॉयल एनफिल्डनं 2019 मध्ये स्वतःच आवाजाच्या मर्यादेत बसणारे स्लिप-ऑन सायलेन्सर तीन-साडेतीन हजारांच्या घरात बाजारात आणले होते. युरोपात बदली सायलेन्सरला वेगळी मान्यता घ्यावी लागते आणि ती मिळाल्याचा ई-ठसा डब्यावर कोरलेला असतो. स्लोव्हेनियाच्या अक्रापोविचसारखे मोठे उत्पादक रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी निरनिराळी मॉडेलं काढतात. तोंडाशी बसवायची जाळी, जिला दुकानात ‘डीबी किलर’ म्हणतात, ती याच मान्यतेचा भाग असते. आपल्याकडे गाडी दुकानातून निघायच्या आत ती जाळी स्क्रू काढून डिकीत टाकली जाते.

सायलेन्सर घेताना तीन गोष्टी विचारल्या तरी दुकानदार ओळखतो की समोरचा जाणता आहे. आपल्या मॉडेलचा कन्व्हर्टर बेंडमध्ये आहे की डब्यात? जाळी काढता येणारी की वेल्ड केलेली? आतली लोकर संपल्यावर डबा उघडून पुन्हा भरता येतो का? रिव्हेट मारलेला डबा उघडतो, सगळीकडून वेल्ड केलेला उघडत नाही. चौथी गोष्ट बिलाची. पक्कं बिल नसेल तर नंतर विमा कंपनीपुढं किंवा वॉरंटीच्या खिडकीवर सांगायला काही उरत नाही. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडवला जाऊ शकतो.

कंपनीचा मूळ सायलेन्सर मात्र भंगारात देऊ नये. तेल लावून, दोन्ही तोंडं कापडानं बंद करून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावा, नट आणि क्लॅम्प एका पिशवीत त्यालाच बांधून. जुन्या बुलेटचं गिऱ्हाईक हल्ली भाव ठरवण्याआधी तो मागतं, आणि नसेल तर नव्या कन्व्हर्टरसकट सायलेन्सरची शोरूममधली किंमत सरळ वजा करतं.